किंमत आणि मोल

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधील सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस आली. पाते युरोपीय घडणीचे, मुठीवर सोन्याची नक्षी आणि पात्याच्या पाठीवर देवनागरी लिपीत कोरलेले नाव : नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांचे. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावली आणि सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळवली. १८ ऑगस्ट रोजी तलवार मुंबईत पोहोचली, तेव्हा लोकांना आनंद झाला. तो स्वाभाविकच होता. परंतु या आनंदाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ही तलवार इंग्रजांच्या हाती गेली असावी, असा तर्क केला जातो. तो खरा असेल, तर आपल्याच घरातून गेलेली वस्तू पैसे मोजून परत घेणे न्याय्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी लिलावाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. सदबीज १७४४ मध्ये आणि क्रिस्टीज १७६६ मध्ये लंडनमध्ये सुरू झाले. तेथील लिलावाची पद्धत साधी आहे. वस्तूचे वर्णन, तिची अंदाजित किंमत आणि ती आजवर कोणाकोणाच्या मालकीची होती याची नोंद सूचिपत्रात छापली जाते. ठरावीक राखीव रकमेच्या खाली वस्तू विकली जात नाही. बोली चढत जाते, हातोडा पडतो आणि व्यवहार पक्का होतो. या पद्धतीत किंमत ठरते ती दोन व्यक्तींच्या इच्छेने आणि ऐपतीने. वस्तूचे मोल मात्र ती कोणी घडवली, कोणी वापरली आणि कोणत्या समाजाच्या स्मृतीत ती रुजली आहे, यांवर अवलंबून असते. किंमत आणि मोल यांतील हे अंतरच सर्व वादांचे मूळ होय.

म्हणून लिलाव ही गोष्टच वाईट, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. पंढरपूर येथे जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ मध्ये रंगवलेले ‘ग्रामयात्रा’ हे चित्र अनेक दशके नॉर्वेतील एका रुग्णालयाच्या भिंतीवर होते. भारतीय ग्रामजीवनाचे ते विशाल दर्शन भारतातील फारच थोड्यांना ठाऊक होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात त्यास सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले आणि हे चित्र सर्वतोमुखी झाले. कलावंताची कदर करणारा बाजार नसता, तर कित्येक कलाकृती अडगळीत कुजून गेल्या असत्या. लिलाव झाकलेले उजेडात आणतो, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

तरीही प्रत्येक वस्तू एकाच न्यायाने तोलता येत नाही. चित्रकाराने स्वेच्छेने विकलेले चित्र वेगळे आणि देवळातून चोरलेली मूर्ती वेगळी. तमिळनाडूतील श्रीपुरंथन गावच्या मंदिरातील नटराजाची चोळकालीन कांस्यमूर्ती चोरीस गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली. तिच्या मालकीची कागदपत्रे बनावट होती. सत्य उघड झाल्यावर २०१४ मध्ये मूर्ती भारतास परत मिळाली, आणि तीही एक पैसा न देता. अशा वेळी बोली लावणे म्हणजे चोराच्या पदरात माप टाकणे होय. येथे कायदा आणि पुरावा हीच साधने उपयोगी पडतात.

वसाहतकाळात गेलेल्या वस्तूंची गोष्ट याहून बिकट आहे. पुरातन वस्तूंची चोरटी निर्यात रोखण्यासाठी युनेस्कोने १९७० मध्ये करार केला आणि भारताने १९७२ मध्ये पुरातन वस्तू व कलानिधी कायदा संमत केला. या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. परंतु त्यापूर्वी गेलेल्या वस्तूंपुढे हे दोन्ही उपाय बहुधा हतबल ठरतात. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ मध्ये बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने हे याचे ठळक उदाहरण आहे. उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वाट्याला आलेली रत्ने त्याच्या वंशजांनी मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावास काढली. भारत सरकारने नोटीस बजावली, जगभरातील बौद्धांनी निषेध केला आणि लिलाव थांबला. जुलै महिन्यात रत्ने मायदेशी आली. अर्थात, तेथेही एका भारतीय उद्योगसमूहाने ती विकत घेतल्यामुळेच मार्ग निघाला.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सरकार आणि धनिक असे पैसे मोजू लागले, तर विक्रेत्यांचा लोभ वाढेल आणि उद्या प्रत्येक वस्तूची किंमत दुप्पट होईल. हा आक्षेप निराधार नाही. महात्मा गांधींचा चश्मा, घड्याळ, चपला, ताट व वाडगा या वस्तू मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे लिलावास आल्या. ज्या महापुरुषाने अपरिग्रहाचे व्रत आचरले, त्याच्या चपलांवर बोली लागली आणि त्या वस्तू एका भारतीय उद्योगपतीने १८ लाख डॉलरना घेतल्या. भावना जितकी तीव्र, तितका भाव चढा, हे बाजारास चांगले कळते. म्हणून खरेदी हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय असावा. आधी मालकीच्या इतिहासाची कसून तपासणी व्हावी, नंतर कायदा आणि राजनैतिक प्रयत्न व्हावेत, आणि सर्व वाटा खुंटल्यावरच थैलीचे तोंड उघडावे.

परंतु वस्तू परत आली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. हैदराबादच्या निजामाचे १७३ दागिने परदेशी जाऊ नयेत म्हणून भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपये देऊन ते विकत घेतले. निर्णय योग्यच होता. तथापि, त्यानंतरचा बहुतेक काळ ते दागिने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत राहिले. जनतेला ते पाहण्याची संधी मोजक्या प्रदर्शनांतच मिळाली. लंडनच्या धनिकाची तिजोरी आणि मुंबईची तिजोरी यांत पाहणाऱ्याच्या दृष्टीने फरक तो कोणता? जनतेच्या पैशाने घेतलेली वस्तू जनतेस दिसली पाहिजे, तिची माहिती तिच्या भाषेत मिळाली पाहिजे, आणि शाळकरी मुलाला ती विनासायास पाहता आली पाहिजे. रघुजी भोसले यांच्या तलवारीलाही हीच कसोटी लागू आहे.

संग्राहक कसा असावा, याचा आदर्श पुण्यातच आहे. डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी गावोगावी हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि स्वयंपाकघरातील भांडी गोळा केली. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते, त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसला. बालवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले, आणि वीस हजारांच्या घरात गेलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्याचा लिलाव केला असता, तर मोठी रक्कम हाती आली असती.

हा विचार केवळ श्रीमंतांसाठी नाही. जुना वाडा पाडला जातो, तेव्हा त्याचे कोरीव खांब, पितळी समया आणि तांब्याचे घंगाळ वजनावर विकले जातात. तेथे सूचिपत्र नसते, बोली नसते आणि निषेधाचे स्वरही उमटत नाहीत. काही वर्षांनी तेच खांब महानगरातील एखाद्या दिवाणखान्यात शोभेसाठी उभे राहतात आणि ते कोणत्या गावचे, कोणत्या सुताराने घडवले, हे सांगणारे कोणी उरत नाही. परदेशातील लिलावावर संतापणाऱ्या समाजाने आपल्या माळ्यावरील वस्तूंकडेही एकदा पाहावे. त्यांची नोंद करावी, छायाचित्र काढून ठेवावे, आजीला त्यांची कहाणी विचारावी. पिप्रहवाच्या रत्नांवर हक्क सांगता आला, तो ती कोठे सापडली याची नोंद होती म्हणून. वाड्यातून निघालेल्या समईची तशी नोंद आज झाली नाही, तर उद्या तिच्यावर हक्क सांगण्यासाठी हाती काहीच नसेल.