कला-परिचय : तांब्याचे मठारकाम

कुवेतच्या फैलका बेटावर १९५८ साली डॅनिश संशोधकांनी उत्खनन आरंभिले व सुमारे ४००० वर्षांपूर्वीची दिलमून संस्कृतीची वसाहत उजेडात आणिली. ओमानचे तांबे मेसोपोटेमियास पोचविणारे व्यापारी याच संस्कृतीचे. त्या भूमीत फावल्या वेळी तांब्याची पणती वा तबकडी घडविणाऱ्या मराठी माणसाने पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम अवश्य अभ्यासावे. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा ताठरतो. तो लाल होईतो तापवून पाण्यात निववावा, म्हणजे पुनश्च मऊ होतो. घाई करणाऱ्याच्या पत्र्यास चीर पडते.

यंत्राच्या भांड्यांपुढे मठारकाम करणारी घराणी घटत आहेत. गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या पूर्वजांनी मराठी भाषा व गणेशोत्सव जपले, ते नित्य आचरणाने. हातची विद्याही आचरणानेच टिकते.