अंगण वाकडेच असू द्या!

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण क्रिकेटच्या बाबतीत निम्मीच वापरतो. फलंदाज बाद झाले की अंगण वाकडे ठरते. गोलंदाजाला चोप बसला की मात्र अंगणाचे कोणी नाव काढत नाही. तेव्हा त्या बिचाऱ्यालाच नाचता येत नसते! सोळा बळी पडले की 'आखाडा केला' म्हणून ओरड होते, आणि पाचशे धावा निघाल्या की 'काय सुंदर खेळपट्टी' म्हणून माळ्याची पाठ थोपटली जाते. हा उलटा न्याय आहे. ज्या खेळपट्टीवर गोलंदाजाला काहीच मिळत नाही तीच खरी वाईट खेळपट्टी, हे मला आज ठणकावून सांगायचे आहे.

मी नारायणगुड्याचा. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मृतीची शिक्षणसंस्था जिथे आहे तेच हे नारायणगुडा. इथून हिमायतनगरच्या अंगाने बशीरबागेकडे चालत निघालात तर अर्ध्या तासाच्या आत फतेह मैदान लागते. त्याला १९६७ पासून लाल बहादूर शास्त्रींचे नाव आहे. पूर्वेला उप्पलचे नवे मैदान. २००५ पासून आंतरराष्ट्रीय सामने तिकडे गेले. माझ्या म्हणण्याला साक्षीदार म्हणून ही दोन मैदाने पुरेशी आहेत.

पण आधी मातीचे बोलू. भालकी-औरादच्या किंवा आदिलाबादच्या वाचकाला माती शिकवायची म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखे आहे. काळी भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते, हे आपल्या घरांत पोरासोरांना ठाऊक असते. खेळपट्टीचे शास्त्र याहून फारसे वेगळे नाही. बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद असा तो एक छोटासा वाफाच आहे. काळ्या मातीत चिकणाईचा अंश जास्त. ती ओल धरून ठेवते, चेंडू थोडा थांबून येतो, उसळी बेताची राहते आणि सामना पुढे सरकला की भेगा रुंदावतात. तांबडी माती लवकर वाळते, चेंडूला उसळी देते आणि पृष्ठभाग सुटू लागला की फिरकीला चेंडू वळवून वर उचलता येतो. वर गवत राखले आणि खाली ओल असली की सकाळच्या तासात वेगवान गोलंदाजाचा चेंडू शिवणीवर पडून इकडेतिकडे निघतो. उन्हाने ओल उडाली, रोलर फिरला की दुपारी तीच जमीन फलंदाजाला हात देते. चौथ्या दिवशी बुटांच्या खुणा खरबरीत झाल्या की फिरकीवाल्याचा दिवस उगवतो. म्हणजे मातीने प्रत्येकाची पाळी लावून दिलेली आहे. कसोटी सामन्याची गोडी या पाळीत आहे, आणि तीच आपण मोडीत काढायला निघालो आहोत.

आता साक्षी काढू. फतेह मैदानावरची पहिली कसोटी नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाली. कर्णधार इथलाच, गुलाम अहमद. पॉली उम्रीगरने २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाचे ते पहिले द्विशतक. भारताच्या ४ बाद ४९८. आपल्या सुभाष गुप्त्यांनी १२८ धावांत ७ बळी घेऊन पाहुण्यांना ३२६ वर रोखले, फॉलोऑन दिला. पण पुढे बर्ट सटक्लिफ नाबाद १३७ करून उभा राहिला आणि पाहुण्यांनी २ बाद २१२ केल्या. एकूण धावा १०३६, बळी सोळा, सामना अनिर्णित. गुप्त्यांसारखा लेगस्पिनर सात गडी टिपूनही सामना जिंकून देऊ शकत नाही, तेव्हा दोष कुणाचा? उम्रीगरांच्या द्विशतकाचे मोल मी कमी करत नाही. पण त्या जमिनीवर गुप्त्यांचे सात बळी त्याहून अवघड होते, हे आपण कधी बोललो का?

दुसरी साक्ष ऑक्टोबर १९६९ ची. तेच मैदान, समोर तोच न्यूझीलंड. या वेळी पाऊस आला, आणि नियमाप्रमाणे ठरल्या वेळी खेळपट्टीवरचे गवत कापायचे राहूनच गेले. नंतर कापू म्हटले तर न्यूझीलंडचा कर्णधार ग्रॅहॅम डाउलिंग याने नियमावर बोट ठेवून हरकत घेतली. त्याचे काही चुकले नाही. मग डेल हॅडली आणि बॉब क्युनिस यांनी आपल्या फलंदाजांची अशी काही दाणादाण उडवली की धावफलकावर ९ बाद ४९ लागले. शेवटी वेंकटराघवन आणि बेदी या दोन गोलंदाजांनी चाळीस धावा जोडल्या म्हणून ८९ तरी झाल्या. दुसऱ्या डावात २६८ चे लक्ष्य असताना आपण ७ बाद ७६ वर होतो, आणि पाऊस धावून आला म्हणून सामना वाचला. गवत राहिले ही व्यवस्थेची ढिलाई होती, ते मान्यच. पण त्याच सामन्यात पाहुण्यांचा पहिला डाव १८१ वर आटोपला होता आणि त्यात प्रसन्नाने पाच बळी घेतले होते. अकरा क्रमांकाचा बेदी जिथे उभा राहू शकला तिथे वरच्या फळीला उभे राहता आले नाही, ते काय फक्त गवतामुळे?

त्या चार डावांची बेरीज करा : १८१, ८९, १७५ आणि ७६. एकूण ५२१ धावा.

आता २७ मार्च २०२४ ची संध्याकाळ घ्या. उप्पलला आयपीएलचा सामना. हैदराबादच्या ३ बाद २७७, मुंबईच्या ५ बाद २४६. एकूण ५२३! १९६९ साली त्या कसोटीच्या सबंध चार डावांत जेवढ्या धावा झाल्या त्याहून दोन अधिक, आणि त्या चाळीस षटकांत. षटकार अडतीस, बळी आठ. लोक नाचले, फटाके उडाले. मी विचारतो, त्या रात्री गोलंदाज मैदानावर कशाला होते? चेंडू फेकणारे यंत्र लावले असते तर काय बिघडले असते?

आणि त्याच मैदानावर दोनच महिने आधी काय घडले होते पाहा. जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी. इंग्लंड २४६, भारत ४३६, म्हणजे १९० धावांची आघाडी. इंग्लंडचा अर्धा संघ १६३ धावांत परतला. चेंडू वळत होता, काही खाली राहत होते. तशात ऑली पोपने स्वीप आणि रिव्हर्स स्वीप मारत १९६ धावा उभ्या केल्या. मग पदार्पणातल्या टॉम हार्टलीने ६२ धावांत ७ गडी घेतले आणि आपण २०२ वर आटोपून २८ धावांनी हरलो. चाळीस बळी, तेराशेवर धावा, चौथ्या दिवशी निकाल. हरलो याचे दुःख झालेच. पण खेळ कशाला म्हणतात ते त्या चार दिवसांनी दाखवले. पोपचे १९६ मोठे कशामुळे? प्रत्येक चेंडू त्याला बाद करू शकत होता म्हणून. बाद होण्याचे भय काढून घ्या, धावांची किंमत आपोआप उतरते. पेरले ते हमखास उगवणार असेल तर शेतकऱ्याचे कौतुक कोण करील?

यावर उत्तर ठरलेले आहे : लोकांना षटकार हवेत, तिकिटे त्यावर खपतात. मान्य. लग्नात लोकांना जिलेबी हवी असते. म्हणून रोज तिन्ही त्रिकाळ जिलेबीच वाढायची का? कसोटीत निदान शेरा तरी मिळतो. मार्च २०२२ मध्ये रावळपिंडीला पाच दिवसांत ११८७ धावा झाल्या आणि अवघे चौदा बळी पडले, तेव्हा त्या पाटा खेळपट्टीला कमी प्रतीचा शेरा मिळाला. वीस षटकांच्या खेळात मात्र पाटा करणारालाच शाबासकी.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा : गोलंदाजांना मदत हवी ना, मग फिरकीचे आखाडे करू. यातही मला रस नाही. पहिल्या सत्रापासून धूळ उडवणारी खेळपट्टी ही मातीची पाळी मोडण्याचाच प्रकार आहे, आणि त्या खड्ड्यात आपणच पडलो आहोत. २०१७ साली पुण्याला स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत सहा-सहा गडी घेतले, आपण ३३३ धावांनी हरलो आणि वर खेळपट्टीला 'निकृष्ट' शेरा मिळाला. २०२४ मध्ये पुण्यातच सँटनरने तेरा बळी घेतले, वानखेडेवर आपण २५ धावांनी हरलो आणि न्यूझीलंडने मालिका ३-० अशी नेली. पाटा खेळपट्ट्यांवर वाढलेल्या फलंदाजांना आपली स्वतःची माती परकी झाली, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

ही गोष्ट मोठ्या मैदानांपुरती असती तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. आमच्या भागातली मुले आता सिमेंटच्या पट्टीवर खेळतात, नाहीतर तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद, प्लास्टिकच्या गवतावर. तिथे ओल नाही, भेग नाही, सकाळ-दुपार नाही. चेंडू दर वेळी सारखाच येतो. त्यामुळे बॅटिंग ही मजा आणि बॉलिंग ही शिक्षा! 'बॉल कोण टाकणार?' म्हटले की घोळका पांगतो. ज्या शहराने गुलाम अहमद, शिवलाल यादव, अर्शद अयूब, वेंकटपती राजू असे फिरकीवाले दिले, त्या शहरात दहा वर्षांच्या पोराला चेंडू वळतो कसा हे कळायला जमीनच उरलेली नाही. बोटांची कला सांगून येत नाही, ती जमिनीने उत्तर दिले तरच येते. जमीन मुकी केली की गोलंदाज मुका होतो, आणि त्याच्यासमोर वाढलेला फलंदाज बहिरा.

तेव्हा सीमाभागातल्या पालकांना माझे सांगणे आहे. तुमच्या गावात अजून मोकळी जमीन आहे, माती ओळखणारे म्हातारे हात आहेत. शाळेच्या मैदानावर सिमेंटची पट्टी टाकायचा ठराव आला तर विरोध करा. एक मातीची खेळपट्टी मागून घ्या. तिला पाणी कधी घालायचे, रोलर कधी फिरवायचा, गवत किती ठेवायचे हे मुलांनाच करू द्या. आणि घरात सामना बघताना दहा गडी झटपट बाद झाले तर 'खेळपट्टी खराब' म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. कदाचित त्या दिवशी गोलंदाजाला त्याचे हक्काचे मिळाले असेल.

सपाट अंगणात कुणीही नाचेल. ज्याला नाचता येते त्याची ओळख पटायची असेल तर अंगण थोडे वाकडेच असू द्या.