आजीची बरणी आणि दादाचा केग

रविवारची सकाळ. मी आजोळी, नारायणगडाच्या पायथ्याजवळच्या गावात. हा गड म्हणजे बीडकरांची धाकटी पंढरी. आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आणि घरात चहापेक्षा कडक काही नाही. अशा घरात व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, ‘‘यार, माझी अख्खी बिअर आंबली!’’

मी फोनचा आवाज कमी करेपर्यंत उशीर झाला होता. आजीनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता कीर्तन सुरू. पण आजीनं शांतपणे विचारलं, ‘‘आंबली व्हय? मग बरणी नीट धुतली नसंल.’’

बॉस, निदान एकदम करेक्ट होतं!

दादा तिकडे घरच्या घरी बिअर बनवतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं त्याला केंद्राची परवानगी मिळाली आणि आता तो तिथला मस्त वीकेंड छंद आहे. (आपल्याकडे स्वप्न बघू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, बिअरसुद्धा.) बाटल्या भरायचा कंटाळा, म्हणून त्यानं सेकंडहँड केग घेतला. केग म्हणजे स्टीलचा उभा, १९ लिटरचा डबा. हे डबे मुळात सॉफ्ट ड्रिंकच्या सिरपसाठी बनवलेले. दादानं तो घेतला, साबणानं विसळला आणि बिअर भरली. ऑफिसच्या टीमला पहिल्यांदाच घरी बोलावलं होतं. नळ उघडला तर ग्लासात आंबट पाणी आणि वर बटर पॉपकॉर्नचा वास. १९ लिटर सिंकमध्ये!

धुणं वेगळं, धुरी वेगळी

आजीचा फंडा सिंपल आहे. लोणच्याची बरणी आधी घासायची, मग कडकडीत उन्हात वाळवायची आणि शेवटी निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी पालथी घालायची. ‘‘खरकट्यावर धुरी देऊन काय उपयोग?’’ हे आजीचं वाक्य ब्रुअरीच्या दारावर लावण्यासारखं आहे.

कारण केगचंही नेमकं तेच आहे. आधी सफाई, मग निर्जंतुकीकरण. भांड्यात यीस्टचा गाळ, हॉप्सचा चिकटा किंवा प्रथिनांचा थर राहिला, तर त्याच्याखाली जंतू आरामात लपतात. वरून कितीही महागडं सॅनिटायझर ओता, ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मग लॅक्टोबॅसिलस बिअर आंबट करतो (हो, दही लावणाऱ्यांच्याच खानदानातला), पेडिओकॉकस लोण्यासारखा वास आणतो आणि हवा मिळाली की अॅसिटोबॅक्टर तिचं व्हिनेगर करून टाकतो. दिलासा एवढाच, की अल्कोहोल, हॉप्स आणि आम्लता यांच्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू बिअरमध्ये सहसा टिकत नाहीत. पोट वाचतं, पार्टी वाचत नाही.

बिअर बिघडण्याचं कारण सूक्ष्मजीव आहेत, हे लुई पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवरच्या आख्ख्या पुस्तकात मांडलं. आजीनं पाश्चर वाचलेला नाही. तिला गरजही नाही.

कुकर आठवा

मग मी दादाला केग कॅमेऱ्यासमोर आणायला लावलं आणि तिघांनी मिळून पोस्टमॉर्टेम केलं.

पहिली गोष्ट, दाब. रिकामा दिसणारा केगही आतून गॅसनं भरलेला असतो. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण झाकण काढतो का? तसंच इथे झाकणावरची रिंग ओढून ‘फुस्स’ पूर्ण थांबू द्यायचं. हे मजेवारी घेऊ नका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या एका ब्रुअरीत प्लास्टिकचा केग साफ करताना दाबाच्या हवेनं तो फुटला आणि एका तरुण कामगाराचा जीव गेला.

दुसरी गोष्ट, सुटे भाग. दादानं आतून हात फिरवला होता, पण खोललं काहीच नव्हतं. केगमध्ये तळापर्यंत जाणारी एक बारीक नळी असते आणि बिअर तिच्यातूनच वर येते. तिला लांब, बारीक ब्रश लागतो. वरच्या दोन तोंडांमध्ये स्प्रिंगचे छोटे व्हॉल्व्ह असतात आणि एकूण पाच रबरी रिंगा. आजीनं लगेच तुलना केली, ‘‘कुकरच्या रबराला वास राहतो की नाही?’’ राहतो! जुन्या केगच्या रबरात तर सिरपचा वासही मुरलेला असतो. अशा रिंगा धुवत बसू नका, सरळ बदला.

तिसरी गोष्ट, औषध. सफाईसाठी गरम पाणी आणि ऑक्सिजनवर चालणारी अल्कली पावडर वापरतात. ब्लीच स्टीलला लावायचं नाही, त्यातल्या क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात आणि खड्डा म्हणजे जंतूंचं वन-बीएचके. पांढरा, खरखरीत थर दिसला तर तो ‘बिअरस्टोन’, म्हणजे कॅल्शियमचा क्षार. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं किटलीत थर धरतो, त्याचा हा चुलतभाऊ. तो आम्लानंच सुटतो. शेवटी आम्ल प्रकारचं सॅनिटायझर. ते एक-दोन मिनिटं सगळीकडे लागलं पाहिजे, नळीच्या आतूनसुद्धा. मग पाण्यानं धुवायचं नाही, थोडा फेस राहिला तरी चालतो.

इथे आजी पहिल्यांदाच अडली. ‘‘वली बरणी? आन् त्यात भरायचं?’’

प्रश्न चोख होता. लोणच्यात पाणी हा शत्रू, कारण ओल लागली की तिथलं मीठ पातळ होतं आणि बुरशी धरते. बिअर स्वतःच बहुतांश पाणी. तिचे शत्रू जंतू आणि हवा. म्हणून केग कोरडा नाही, निर्जंतुक लागतो आणि भरण्याआधी आतली हवा कार्बन डायऑक्साइडनं हुसकावून लावायची. आजीनं मान डोलावली. पटलं होतं.

आणि मग पाणी

‘‘धुवायला पाणी किती लागतंय?’’ आजीनं विचारलं.

दादानं हिशेब केला. एकदा भिजवायला, दोनदा खळबळायला, एकदा सॅनिटायझरला. चार वेळा काठोकाठ, म्हणजे ७६ लिटर. एका केगला.

आजी काही बोलली नाही. मला २०१६ चा उन्हाळा आठवला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते वर्ष. त्याच एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दिला होता. आमच्या गावात टँकर यायचा आणि आजी भांडी घासल्यावरचं पाणी लिंबाच्या झाडाला घालायची. अजून घालते.

‘‘तिकडं पाणी कुठनं येतं रं?’’

‘‘नळाला असतं आजी. चोवीस तास.’’

मग आजीनं बरणी खळबळायची पद्धत सांगितली: थोडं पाणी, झाकण घट्ट, जोरात हलवायचं, ओतायचं, परत थोडं. आम्ही तीच केगला लावली. आधी ३ लिटरनं गाळ काढायचा. मग १० लिटर गरम द्रावण घालून केग आडवा करून फिरवायचा आणि मधूनमधून दाब सोडायचा. ३-३ लिटरनं दोनदा खळबळायचं. शेवटी ४ लिटर सॅनिटायझर. एकूण २३ लिटर. वर ते सॅनिटायझर फेकायचं नाही. स्वच्छ असेल आणि पीएच ३ च्या वर गेला नसेल, तर पुढच्या केगला चालतं.

फोन ठेवताना आजी म्हणाली, ‘‘लेकरा, पिण्याचं तुझं तू बघ. मला आवडत न्हाई, ते तुला ठावं हाय. पण भांडं घाण ठेवू नको आन् पाणी सांडू नको.’’

दोन महिन्यांनी दादाचा फोटो आला: टीम, ग्लास, सोनेरी बिअर. मी आजीला दाखवला. तिनं ग्लासाकडे पाहिलंच नाही. फोटो मोठा करायला लावून मागच्या ओट्यावर पालथा घातलेला दुसरा, रिकामा केग बघितला.

‘‘हं,’’ म्हणाली, ‘‘धुतलाय.’’

पबमध्ये जाताय? हे बघा

• पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून ताजी बिअर आपल्याकडे रुळली. पण केग स्वच्छ असून पाइप घाण असेल तर काय फायदा? ‘लाइन कधी साफ केली?’ असं बिनधास्त विचारा. दर दोन आठवड्यांनी, हे चांगलं उत्तर.

• बिअर आंबट असण्याची स्टाइलही असते. मेनूत तसं लिहिलेलं नसेल आणि तरी आंबट लागली, तर ग्लास परत करा.

• बुडबुडे ग्लासाच्या कडेला चिकटून बसलेत? ग्लास नीट धुतलेला नाही.