कागदाचा खिलार

मैत्रिणींनो, आषाढ लागला की आमच्या सातारा-सांगलीकडे बेंदराची गडबड सुरू होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडे श्रावणी अमावास्येला पोळा. आमचे बैल त्याआधीच पुरणपोळी खाऊन मोकळे होतात! गावात राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी मातीची जोडी आणायची आणि पूजायची, एवढंच. गेल्या बेंदराला ती जोडी धाकट्याच्या हातून दारातच पडली. झालं, रडारड! शेवटी थोरलीनं संगणकावर बैलाचा नमुना शोधला. भाग कापायचे, घड्या घालायच्या, चिकटवायचे. झेरॉक्सच्या दुकानातून छापूनही आणला.

पहिला बैल पोटातच खचला. चूक माझीच. नेहमीच्या पातळ कागदावर छापून घेतला होता. लग्नपत्रिकेसारखा जाड हवा. दुकानात 160 ते 200 जीएसएम म्हणून सांगावं. दुसरं म्हणजे घडीच्या रेघेवर आधी पट्टी ठेवून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवावं, मग घडी कशी सुरीसारखी बसते. सगळे तुकडे एकदम कापू नका, कुठला कान नि कुठलं खूर, कळेनासं होतं. चिकटवण्याच्या पाकळ्या चुकून छाटू नका. फेव्हिकॉल काडीच्या टोकानं, अगदी पुसट लावायचा. आमच्या ह्यांनी तो पोळीवर तूप घालावं तसा ओतला, आणि कागदाला फुगे आले!

तर दुसरा बैल उभा राहिला. मुलं खूष. मामंजी मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीतून नुसते बघत होते. त्यांनी आटपाडीकडची शेती होती तोवर खिलार जोडी बाळगली, खरसुंडीच्या यात्रेतून पारखून आणलेली. हात थरथरायला लागल्यावर ती विकली. त्यानंतर बेंदराला ते पूजेला म्हणून बसले नाहीत. आम्हीही कधी विषय काढला नाही.

धाकट्यानं बैल नेऊन त्यांच्या मांडीवरच ठेवला. “आजोबा, जमलाय?”

“हा बैल नव्हे रे,” मामंजी म्हणाले. “ह्याला वशिंड कुठाय?”

खरंच की! नमुना परदेशी, तिकडच्या बैलांची पाठ सपाट. आम्हां चौघांच्या लक्षातही आलं नव्हतं. शाळेत मुलांना निरीक्षण शिकवणारी मी, पण मलाही दिसलं नाही.

मग मामंजी सांगत गेले आणि मी कापत गेले. वशिंडासाठी कागदाची वाटोळी चकती, एका बाजूनं मध्यापर्यंत चिरून शंकूसारखी वळवली. “खांद्यावर घे, पाठीच्या मध्ये नको.” शिंगं आखूड होती, ती काढून लांब, मागं वळलेली केली. गळ्याखाली पोळी जोडली. शिंगांना तांबडा रंग मात्र त्यांनी स्वतः लावला. हात हलत होता, रंग कपाळावरही गेला. थोरली पुसायला निघाली, तिला मी डोळ्यांनीच दटावलं.

पूजेला मामंजी पाटावर बसले. नैवेद्य दाखवला, आणि धाकट्याला म्हणाले, “एकटा बैल कुठं औताला चालतो का? जोडी लागते.”

ह्यांना भर पावसात पुन्हा झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं.