अगोड वाईन आणि मराठीची जीभ

मराठीत वाईनविषयी जे बोलले-लिहिले जाते त्यात चव सोडून बाकी सारे असते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अवघा महाराष्ट्र 'वाईन ही दारू की नव्हे' या एकाच प्रश्नावर भांडला. (बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दारू न म्हणायला मोठेच अवसान लागते, हे जाता जाता.) वाद सगळा नामाचा होता, विशेषणाकडे कोणी फिरकले नाही. आणि हे कोणत्या भाषेत, तर जिच्या समीक्षेने आपली परिभाषाच जिभेकडून घेतली आहे तिच्यात. रस, रुची, आस्वाद, रसिक हे शब्द आले कुठून? रस म्हणजे काय हे सांगताना नाट्यशास्त्राने दाखला दिला तो नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न चाखणाऱ्याचा. आम्ही वर्गात 'आस्वादक समीक्षा' शिकवतो, आणि प्रत्यक्ष आस्वादाची वेळ आली की विशेषणे इंग्रजीकडून उसनी आणतो.

उदाहरण आपल्याच राज्यातले घेऊ. वाईन म्हटले की नाशिकचे नाव निघते. पण दक्षिणेला, सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही द्राक्षमळे आहेत. तिथल्या 'फ्रातेल्ली'ची (इटालियनमध्ये अर्थ 'भाऊ') 'एम/एस' ही पांढरी वाईन शार्दोने आणि सॉव्हिन्यों ब्लां या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची. नावातला 'एम' इटालियन वाईनकार पिएरो मासी यांचा; 'एस' १९७६ ची पॅरिसमधली गाजलेली चाखणी घडवून आणणाऱ्या स्टीव्हन स्पुरियर यांचा. वाईन 'ड्राय'. याचे मराठी काय? 'कोरडी', असे बेधडक सांगितले जाते. पातळ पदार्थ कोरडा कसा असेल, हा प्रश्न अनुवादकाला पडत नाही. द्राक्षातली साखर आंबताना जवळजवळ सगळी संपली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे 'अगोड' हा सरळ शब्द पडून आहे. तीच गत गूजबेरीची. सॉव्हिन्यों ब्लांच्या वासाला इंग्रज गूजबेरीची उपमा देतो. आपण कोश उघडून 'आवळा' लिहितो. ही दोन फळे एका कुळातलीसुद्धा नव्हेत, आणि आवळ्याचा घसा धरणारा तुरटपणा असल्या वाईनमध्ये शोधूनही सापडत नाही. शब्द मराठी, चव कोणाचीच नाही!

यावर हमखास येणारे उत्तर असे, की वाईन परकी, तिला शब्द आणायचे कुठून? चहा कुठे आपला होता? त्याला आपण कडक, फक्कड, फिका, पांचट म्हणालोच ना? कारण तो आपण प्यायलो, त्याचे माहितीपत्रक भाषांतरित करत बसलो नाही. विद्यार्थी कवितेच्या रसग्रहणात 'तरल', 'उत्कट', 'भावगर्भ' असे तयार शिक्के मारतात तेव्हा आम्ही गुण कापतो. मग वाईनवरच्या लेखांना सूट का?

जोडीच्या पदार्थांचे तर विचारूच नका. 'पांढरी वाईन माशांबरोबर' हा नियम आपण जसाच्या तसा उचलला. कोणत्या माशांबरोबर? लोणी-लिंबाच्या, मिरची न पाहिलेल्या माशाबरोबर. इथे मुरुडात बसून, हाकेच्या अंतरावर हर्णै बंदरात रोज मासळीचा लिलाव होत असताना, तो नियम हास्यास्पद वाटतो. रवा लावून तळलेले बोंबील अशा आंबूस, अगोड वाईनबरोबर छान जातात. तळणाचा तेलकटपणा ती कापते. ओले खोबरे घातलेल्या तिसऱ्यांबरोबरही जमते, आणि शाकाहारी घरांत ओल्या काजूच्या उसळीबरोबर. पण बांगड्याच्या तिखल्याशी तिची गाठ घालू नये: अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो, आणि तिरफळाने बधिरलेल्या जिभेला वाईनचा वास कसला कळणार! सोलकढीशेजारी तर ती सपकच लागेल, कारण पदार्थ वाईनहून आंबट असला की वाईनचा आंबटपणा मेलाच म्हणायचा. आणि मोदकानंतर ती देऊ केली, तर लाडू खाऊन प्यायलेल्या चहाचे जे होते तेच तिचे होईल.