साइड मागणारा आणि साइड देणारा



कापसाला काय भाव मिळावा यावर आपल्या बैठकांत तासन्‌तास बोलणे होते. तो कापूस घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी धड घरी येतो की नाही, यावर कोणी बोलत नाही. आमच्या मते हाही शेतीच्या हिशेबातलाच विषय आहे. कोरडवाहू घरात कर्ता माणूस गेला, तर सातबारा राहतो, कर्ज राहते, पण औत धरणारा राहत नाही. सरकारच्या शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. त्यात सोसायटीचे देणे फिटेल, घर चालणार नाही.

यावल तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. २०२० च्या फेब्रुवारीत यावल-फैजपूर रस्त्यावर हिंगोण्याजवळ लग्नसमारंभाहून परतणाऱ्यांची क्रूझर आणि डंपर यांची धडक झाली. किमान दहा माणसे गेली. चूक कोणाची होती, हे ठरवणे आमचे काम नाही. पण रस्ता एकच असेल, जाणारा आणि येणारा दोघेही त्यावरच असतील, तर समोरासमोरची धडक टाळण्याची पहिली जागा म्हणजे ओव्हरटेक. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर एकाच पट्टीत बैलगाडी, ट्रॅक्टर, केळीचा ट्रक, एस.टी. आणि तीन माणसे बसलेली मोटरसायकल चालते. प्रत्येकाचा वेग वेगळा. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याच्या पुढे जायचे असते.

आता हिशेब करू. ट्रक ताशी ५० ने चालला आहे, तुम्ही मोटरसायकलवर ६० ने. फरक ताशी १० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ट्रक दहा मीटर लांब. मागे पंधरा आणि पुढे पंधरा मीटर अंतर धरले तर ट्रकच्या तुलनेत चाळीस मीटर पुढे सरकायचे. त्याला चौदा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही सुमारे २४० मीटर जाता, आणि समोरून ६० ने येणारी गाडीही २४० मीटर तुमच्याकडे येते. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. आपल्याकडे किती ठिकाणी तो दिसतो? वळणावर बाभूळ आडवी, सातपुड्यातून तापीकडे उतरणाऱ्या प्रत्येक नाल्यावर पूल किंवा फरशी.

एवढे करून मिळते काय? वीस किलोमीटरच्या वाटेवर ५० ऐवजी ६० ने गेले तर चार मिनिटे वाचतात. चार मिनिटे वाचवून खरेदी केंद्रावर पोचलेला शेतकरी काट्यापुढे चार तास उभा राहतो.

नियम काही अवघड नाहीत. पुढची गाडी उजवीकडूनच ओलांडायची. पुढच्याने उजवीकडे वळण्याची खूण केली असेल तरच डावीकडून. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि पुढचा रस्ता स्पष्ट दिसत नसेल तिथे ओव्हरटेक करायचे नाही. मागच्याने आपल्याला ओलांडायला सुरुवात केली असेल तर आपण बाहेर निघायचे नाही. रस्त्याच्या मध्यावर सलग पट्टा असेल तर तो ओलांडायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे धोकादायक वाहन चालवण्यात धरले आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

पण कायदा फक्त साइड मागणाऱ्याला बांधत नाही, देणाऱ्यालाही बांधतो. मागचा पुढे जात असताना आपला वेग वाढवायचा नाही आणि त्याला अडवायचे नाही. शेतकरी बहुतेक वेळा साइड देणारा असतो, म्हणून ही बाजू आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

दादरचा कडबा भरलेली ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली असते. चालवणाऱ्याला आरशात मागचे दिसत नाही, मागच्याला पुढचे दिसत नाही. त्यात टेप मोठ्याने लावलेला, म्हणजे हॉर्नही ऐकू येत नाही. शेतरस्त्याला उजवीकडे वळताना हात नाही, दिवा नाही, स्टिअरिंग एकदम फिरते आणि त्याच क्षणी मागचा मोटरसायकलवाला बाजूला आलेला असतो. उपाय साधा आहे. वळण्याआधी डाव्या बाजूला थांबा, मागच्या गाड्या जाऊ द्या, रस्ता मोकळा झाला की मग वळा.

उजव्या दिव्याची एक रूढीही घातक आहे. काही ट्रकवाले उजवा दिवा लावून मागच्याला 'जा पुढे' सांगतात. पण तोच दिवा 'मी उजवीकडे वळतो' असेही सांगतो. दुसऱ्याच्या दिव्यावर आपला जीव टाकू नका. समोरचा रस्ता आपल्या डोळ्यांनी पाहा. रात्री समोरून एकच दिवा येत असेल तर ती मोटरसायकलच असेल असे धरू नका; एका डोळ्याचे ट्रकही रस्त्यावर फिरतात.

वेचणीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो. बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी नसेल तर येणाऱ्याला ती दिसते तेव्हा ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. फवारणीच्या एका पंपाच्या खर्चात ही पट्टी लागते. ती लावण्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही.

जे सरकारचे काम आहे ते मात्र सरकारकडूनच करून घेतले पाहिजे. रस्त्याच्या साइडपट्ट्या खचल्या असतील तर बैलगाडी डांबर सोडून खाली उतरूच शकत नाही, मग तिने साइड द्यायची कुठे? वळणावरची झुडपे तोडणे, मधले पट्टे रंगवणे, साइडपट्ट्या मुरुमाने भरणे, ही बांधकाम खात्याची कामे आहेत. टोल, पेट्रोल, डिझेल, ट्रॅक्टरचे टायर, सगळ्यावर आपण कर देतो. हे उपकार मागणे नाही.

येत्या बैठकीत दोन ठराव घ्यावेत असे आम्ही सुचवतो. पहिला, आपल्या गावातली प्रत्येक गाडी आणि ट्रॉली वेचणीआधी चमकपट्टीची झालेली असेल. दुसरा, गावाजवळच्या धोक्याच्या वळणांची आणि खचलेल्या साइडपट्ट्यांची यादी प्रत्येक शाखा लेखी देईल आणि पोच घेईल. पहिला ठराव आपल्यावर आहे, म्हणून तो आधी.