सलाईन यंत्र ठरवील, जबाबदार कोण?

मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला किती सलाईन द्यायचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. कमी पडले तर मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी साचते, आतड्यांना सूज येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिलीफ' चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे सुमारे ३,००० रुग्ण होते. हात आखडून सलाईन दिलेल्यांत मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर सढळ हाताने दिलेल्यांत ५ टक्के आढळले.

आजवर हा हिशेब भूलतज्ज्ञ करीत आले. आता त्यात यंत्र आले आहे. २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एडवर्ड्स कंपनीच्या अशा सॉफ्टवेअरला परवानगी दिली. धमनीतील दाबाच्या लाटेवरून ते हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकते याचा अंदाज बांधते, सलाईन देण्यास सुचवते आणि रुग्णाच्या प्रतिसादावरून पुढचा सल्ला सुधारते. होकार-नकार डॉक्टरचाच. संशोधकांनी मात्र पुढे जाऊन पंप थेट संगणकाच्या हाती देणारी प्रणालीही रुग्णांवर वापरून पाहिली आहे.

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. यंत्र थकत नाही, रुग्णाचे आडनाव विचारत नाही. परंतु आडनाव न विचारणारे यंत्र निःपक्षपाती असतेच असे नाही. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर घ्या. ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घसरला असूनही ते ठीक असल्याचे दाखवते, आणि अशी चूक गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा होते, असे २०२० साली अमेरिकेतील अभ्यासात दिसले. धमनीतील दाब मोजण्याची पद्धत वेगळी आहे, हे खरे. पण ज्यांच्या देहांवर यंत्र पारखले गेले नाही, त्यांच्याबाबत ते अचूक आहे हे गृहीत कसे धरायचे? शेतमजूर, कुपोषित, रक्तक्षयाने खंगलेली स्त्री या चाचण्यांत किती होती, हे विचारलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न कायद्याचा. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. पण जेथे सर्वांनाच पूर्ण मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये त्यातून वगळली गेली. म्हणजे अशा रुग्णालयातील गरिबाला ग्राहक आयोगाचे दार बंद. उरते ते दिवाणी न्यायालयाचे लांबचे दार. उद्या सल्ला यंत्राचा आणि सही डॉक्टरची असली, तर कंपनी डॉक्टरकडे बोट दाखवील, डॉक्टर यंत्राकडे, आणि पुरावा कंपनीच्या संगणकात राहील.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या कायद्यात वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : भारतीय रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष जाहीर करा, संमतीपत्रात यंत्राचा उल्लेख रुग्णाच्या भाषेत करा, यंत्राने काय सुचवले व डॉक्टरने काय केले, याची नोंद रुग्णाला मागताच द्या. जगण्याचा हक्क देणारे संविधानाचे कलम २१ शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थांबत नाही.